करार राहू द्या, आधी एक प्रश्न आणा: अभियांत्रिकी कॉलेज आणि उद्योगांची भागीदारी कशी उभी करायची

कॉलेज आणि कंपनी यांच्यातल्या ज्या भागीदाऱ्या मी टिकलेल्या पाहिल्या, त्यांतली एकही करारापासून सुरू झालेली नव्हती. एखादे प्राध्यापक कारखान्यात गेले, तिथल्या इंजिनिअरने रोज छळणारी एक अडचण त्यांना दाखवली, दोन-चार मुलं त्यावर बसली आणि काहीतरी हाती लागलं. करार नंतर आला. याउलट ज्या नात्यांची सुरुवात सह्या आणि फोटोंनी झाली, त्यांतली बरीचशी वर्षभरात थंडावली. सोमवारी सकाळी कुणी काय करायचं, हे सह्या करणाऱ्यांपैकी कुणालाच माहीत नव्हतं.

विभागप्रमुख, ट्रेनिंग-प्लेसमेंट अधिकारी किंवा आपल्या विषयापुरतं काहीतरी सुरू करू पाहणारे प्राध्यापक यांच्यासाठी हा लेख आहे. कंपनीतल्या इंजिनिअरनेही वाचावा, कारण अर्धं काम त्यांच्या बाजूचं आहे.

पहिली पायरी: नेमकं काय हवंय ते ठरवा

‘इंडस्ट्री कनेक्ट’ या एका शब्दाखाली तीन वेगळी कामं दडलेली असतात. पहिलं काम प्रशिक्षणाचं: विद्यार्थी कंपनीत जाऊन काम शिकतो. दुसरं प्रकल्पाचं: कंपनीचा एखादा प्रश्न विद्यार्थ्यांचा गट सोडवतो. तिसरं संशोधनाचं: कंपनी पैसे देते आणि प्राध्यापक व त्यांचे संशोधक विद्यार्थी नवं काही शोधतात. तिन्हींची माणसं वेगळी, मुदत वेगळी, कागदपत्रंही वेगळी. इंटर्नशिप एच.आर. विभागातून होते, प्रकल्प उत्पादन किंवा गुणवत्ता विभागातून येतो आणि संशोधनासाठी आर अँड डी किंवा थेट वरिष्ठ व्यवस्थापनाशी बोलावं लागतं. एच.आर.च्या माणसासमोर संशोधनाचा प्रस्ताव ठेवला तर तो नम्रपणे ऐकून घेईल आणि फाइल तिथेच राहील.

सुरुवात दुसऱ्या कामापासून करा, असा माझा आग्रह आहे. इंटर्नशिपमध्ये मुलगा एकटा पडतो आणि बरेचदा त्याच्या वाट्याला एक्सेलच्या शीट भरणं येतं. संशोधनासाठी लागणारा विश्वास पहिल्याच भेटीत मिळत नाही. छोट्या प्रकल्पात दोन्ही बाजू एकमेकांना जोखतात आणि फसला तरी फार नुकसान होत नाही.

दुसरी पायरी: आपल्याकडे काय आहे ते मोजा

कंपनीकडे जाण्याआधी एका कागदावर लिहून काढा: प्रयोगशाळेत कोणती उपकरणं खरोखर चालू आहेत, त्यांचं कॅलिब्रेशन शेवटचं कधी झालं, कोणत्या प्राध्यापकांना कोणत्या विषयात हात घालता येतो आणि आठवड्याचे किती तास ते मोकळे आहेत. हा शेवटचा आकडा सगळ्यांत महत्त्वाचा. ज्या प्राध्यापकांच्या वेळापत्रकात या कामाचे तास मोजलेलेच नाहीत, ते पहिल्या महिन्यात उत्साहाने जातील आणि परीक्षा जवळ आली की थांबतील. दोष त्यांचा नसतो. विभागप्रमुखांनी एक तासिका कमी करून तो वेळ कागदावर दिला, तरच काम पुढे सरकतं.

तिसरी पायरी: दार कुणाचं ठोठवायचं

मोठ्या नावांच्या मागे सगळेच लागतात. तिथे निर्णयाला वेळ लागतो आणि तुमचं कॉलेज रांगेत विसावं असतं. मध्यम आकाराची कंपनी जास्त चांगली. ज्या कंपनीत स्वतःचा आर अँड डी विभाग नाही, पण ग्राहकाकडून गुणवत्तेच्या तक्रारी येतात, तिथे तुमच्या प्रयोगशाळेची आणि मुलांच्या वेळेची खरी किंमत होते. अंतरही बघा. मुलांना आठवड्यातून एकदा जाऊन येता येईल एवढ्या टप्प्यातली कंपनी निवडा.

पहिला फोन माजी विद्यार्थ्याला करा. मात्र वरच्या पदावर पोचलेल्यापेक्षा सहा-सात वर्षांपूर्वी बाहेर पडलेला, आज उत्पादनाच्या लाइनवर उभा राहणारा इंजिनिअर शोधा. अडचणी त्याला माहीत असतात आणि सुटल्या तर फायदाही त्याचाच होतो.

चौथी पायरी: प्रश्न शोधायला शॉप फ्लोअरवर जा

मीटिंग रूममध्ये बसून कंपनीला ‘तुमच्या समस्या सांगा’ असं विचारलं, की ‘उत्पादकता वाढवायची आहे’, ‘ऑटोमेशन करायचंय’, ‘ए.आय.मध्ये काही करता येईल का’ अशी उत्तरं येतात. ही उत्तरं खोटी नसतात, पण त्यांच्यावर चौदा आठवड्यांचा प्रकल्प बसत नाही. चहा संपला की ‘लाइन बघू या का?’ असं विचारा आणि उठा.

एक प्रसंग सांगतो. ॲल्युमिनियमचं हाउसिंग, म्हणजे यंत्राचं बाहेरचं कवच, बनवणारा कारखाना होता. मीटिंगमध्ये ‘रिजेक्शन कमी करायचंय’ एवढंच कळलं होतं. लाइनवर गेल्यावर दिसलं की लीक टेस्टच्या टेबलाजवळ लाल ट्रेमध्ये नापास झालेले जॉब, म्हणजे बनवलेले भाग, साठलेत. सुपरवायझरने एक जॉब उचलून उजेडात धरला आणि आत बोट फिरवायला सांगितलं. दोन छिद्रं जिथे एकमेकांना छेदतात, तिथे ड्रिल बाहेर पडताना धातूची पातळ धार राहिली होती. या धारेला ‘बर’ म्हणतात. गळती रोखणारी रबरी ओ-रिंग बसवताना ही बर तिला कापत होती आणि म्हणून जॉब गळत होता. झाला प्रकल्प! शीर्षक एका ओळीत लिहिलं: ‘आडव्या छिद्राच्या तोंडाशी बर कोणत्या परिस्थितीत वाढते ते मोजणे आणि ती कमी करण्याचे दोन उपाय तपासणे.’

पुढची गंमत मुलांनी शोधली. लीक टेस्टच्या रजिस्टरमध्ये तारीख होती, वेळ नव्हती. त्यांनी सुपरवायझरला एक रकाना वाढवायची विनंती केली आणि तीन आठवडे नोंदी गोळा केल्या. गळणारे जॉब दुसऱ्या शिफ्टच्या उत्तरार्धात गर्दी करत होते. याचं कारण मशिनवरच्या ऑपरेटर काकांना आधीपासून माहीत होतं: टूल स्टोअर संध्याकाळी बंद होतं, म्हणून रात्री ड्रिल झिजलं तरी तेच चालवावं लागतं. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. मुलांनी किती छिद्रांनंतर बर मर्यादेबाहेर जाते ते मायक्रोस्कोपखाली मोजलं, मशिनवर छिद्रांचा काउंटर बसवला आणि शिफ्टच्या सुरुवातीलाच जादा ड्रिल मशिनपाशी ठेवायची पद्धत सुचवली. यात रोबोट नव्हता, पण मटेरिअल, मोजमाप, संख्याशास्त्र आणि माणसांशी बोलणं हे सगळं होतं.

चांगल्या प्रश्नाची पारख साधी आहे. त्या प्रश्नाने कंपनीतला कुणीतरी नाव घेऊन सांगता येईल असा माणूस वैतागलेला असावा. त्याबद्दल मोजता येण्याजोगं काहीतरी असावं. आणि पुढच्या महिन्यातली डिलिव्हरी त्यावर अडलेली नसावी. शेवटची अट बरेच जण विसरतात. कंपनीला जे तातडीने हवंय ते विद्यार्थ्यांना देऊ नका. मुलं शिकत-शिकत जाणार, चुकणार. तातडीच्या कामात ती चूक कुणी सोसणार नाही आणि दोन आठवड्यांत कंपनीचा माणूस ते काम स्वतः करून मोकळा होईल.

प्रश्न ठरला की एक पानभर टिपण लिहा. आज काय होतंय, किती होतंय, काय झालं म्हणजे काम पूर्ण समजायचं, कोणती माहिती कंपनी देणार, कोणत्या गोष्टीला हात लावायचा नाही. त्यावर कंपनीतल्या त्याच वैतागलेल्या माणसाची सही घ्या. माझ्या मते हे एक पान जाडजूड करारापेक्षा मोलाचं आहे.

पाचवी पायरी: वेळापत्रकाशी भिडा

भागीदारी बुडते ती बहुतेकदा इथे. कारखान्याचं वर्ष आणि कॉलेजचं सेमिस्टर यांचा मेळ बसत नाही. मुलगा सहा आठवड्यांसाठी येतो. पहिला आठवडा गेट पास आणि सेफ्टी इंडक्शनमध्ये जातो, दुसरा ओळखीपाळखीत, तिसऱ्यात काम सुरू होतं आणि सहाव्यात अहवालाची घाई. कंपनीच्या हाती काय उरतं? पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून.

हा प्रश्न जुना आहे आणि त्याची उत्तरंही जुनी आहेत. अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी १९०६ साली को-ऑपरेटिव्ह शिक्षण सुरू केलं. त्यांनी विद्यार्थ्यांच्या जोड्या लावल्या. एक आठवडाभर कारखान्यात, दुसरा वर्गात आणि पुढच्या आठवड्यात अदलाबदल. कारखान्यातली जागा कधीच रिकामी राहत नसे, त्यामुळे मालकालाही ते परवडत असे. ही जोडीची कल्पना मला आजही सगळ्यांत हुशार वाटते. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाने १९५७ मध्ये सुरुवातच याच पद्धतीने केली. तिथे चार महिने वर्ग आणि चार महिने नोकरी अशी आलटून-पालटून रचना रुळली. एम.आय.टी.ने १९१६ मध्ये केमिकल इंजिनिअरिंगसाठी प्रॅक्टिस स्कूल काढलं. त्यात विद्यार्थ्यांबरोबर प्राध्यापकही कारखान्याच्या ठिकाणी मुक्काम करतात. पिलानीच्या बिट्समध्ये १९७३ पासून प्रॅक्टिस स्कूल हा अभ्यासक्रमाचाच भाग आहे. डेन्मार्कचं आल्बोर्ग विद्यापीठ १९७४ साली स्थापन झालं तेच प्रकल्पावर आधारलेल्या शिक्षणाभोवती.

प्रत्येक कॉलेजला अभ्यासक्रम बदलण्याचं स्वातंत्र्य नसतं, हे मान्य. तरीही तीन गोष्टी कुठल्याही विभागाच्या हातात असतात. आठवड्यातला एक संपूर्ण दिवस मोकळा काढा. रोजच्या दोन सुट्या तासांचा उपयोग नाही, कारण ते येण्या-जाण्यात संपतात. दुसरं म्हणजे प्रकल्प तिसऱ्या वर्षाच्या शेवटी सुरू करून चौथ्या वर्षात पुढे न्या, म्हणजे ओळखीपाळखीचा काळ वाया जात नाही. आणि प्रत्येक गटात एक तरी खालच्या वर्षाचा विद्यार्थी ठेवा. वरची मुलं बाहेर पडली तरी कंपनीला माहितीचा एक चेहरा कॉलेजमध्ये उरतो.

सहावी पायरी: कागदपत्रं

सामंजस्य करार ही फक्त इच्छेची नोंद असते. खरं संरक्षण प्रत्येक प्रकल्पाच्या छोट्या स्वतंत्र करारात असतं. त्यातली चार कलमं नीट वाचा. बाकीचं वकील बघतील.

बौद्धिक संपदेचं कलम पहिलं. प्रकल्पाआधीच ज्याच्याकडे जे होतं ते त्याचंच राहतं, हे आधी लिहा. प्रकल्पातून नवं निघालं तर मालकी कुणाची आणि वापराची मुभा कुणाला, हे त्यानंतर. अमेरिकेतल्या हार्वी मड कॉलेजच्या इंजिनिअरिंग क्लिनिकमध्ये १९६३ पासून विद्यार्थ्यांचे गट कंपन्यांचे प्रश्न वर्षभर सोडवतात. तिथे कंपनी ठरावीक शुल्क भरते आणि निष्पत्तीची मालकी कंपनीला मिळते. छोट्या विद्यार्थी-प्रकल्पासाठी ही सरळ वाट मला पटते. संशोधनात मात्र तसं करू नका. तिथे मालकी कॉलेजकडे आणि ठरावीक क्षेत्रात वापरण्याचा हक्क कंपनीकडे, अशी मांडणी करता येते. ब्रिटनमध्ये यावरच्या वादांत इतका वेळ जात होता की २००५ साली ‘लॅम्बर्ट टूलकिट’ नावाने नमुना करारांचा संच तयार करण्यात आला. तो इंटरनेटवर मोफत मिळतो. तुमच्या देशाचा कायदा वेगळा असला तरी कोणते प्रश्न विचारायचे हे त्यातून कळतं.

विद्यार्थी कॉलेजचा कर्मचारी नसतो, हेही ध्यानात ठेवा. त्याच्या शोधावर कॉलेजचा आपोआप हक्क येतोच असं नाही. म्हणून त्याची वेगळी संमती घ्या आणि सही करण्याआधी त्याला समजेल अशा भाषेत अर्थ सांगा. वीस वर्षांच्या मुलापुढे कागद सरकवून ‘इथे सही कर’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

दुसरं कलम गुप्ततेचं आणि प्रसिद्धीचं. पेटंट घेण्याजोगं काही वाटलं तर आधी अर्ज, मग पोस्टर, मग शोधनिबंध, हा क्रम चुकवू नका. युरोपात अर्जाआधी जगात कुठेही जाहीर झालेली गोष्ट सहसा नवी धरली जात नाही. अमेरिकेत संशोधकाने स्वतः जाहीर केल्यावर अर्जासाठी १ वर्षाची सवलत आहे. कॉलेजच्या प्रोजेक्ट प्रदर्शनात लावलेला तक्ताही जाहीर करणंच ठरू शकतो. त्याच वेळी कंपनीला अमर्याद बंदी घालू देऊ नका. प्रबंध वा निबंध तपासायला कंपनीला ३० किंवा ६० दिवस द्यावेत आणि मुलाची परीक्षा कोणत्याही कारणाने अडणार नाही असं स्पष्ट लिहावं.

तिसरं कलम सुरक्षिततेचं: विमा कुणाचा, सेफ्टी शूज आणि गॉगल कोण देणार, कोणत्या मशिनला विद्यार्थ्याने हात लावायचा नाही. चौथं पैशाचं. प्रवास, साहित्य, चाचण्या आणि मुलांचं विद्यावेतन हे आकडे आधी ठरवा. छोटी का असेना, काही रक्कम कंपनीने द्यावीच. फुकटच्या प्रकल्पाच्या मीटिंगला कुणी येत नाही, हा माझा अनुभव आहे.

सातवी पायरी: मुलांना तयार करून पाठवा

यावर मी थोडंच सांगतो, कारण करायचं काय ते सगळ्यांना माहीत असतं, फक्त केलं जात नाही. पाठवण्याआधी दोन आठवडे घ्या. त्यांना ड्रॉइंग वाचता यायला हवं, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) म्हणजे काय हे बोटाने दाखवता यायला हवं, व्हर्निअर आणि मायक्रोमीटर न अडखळता वापरता यायला हवेत. संगणकाच्या प्रकल्पासाठी हेच गिट (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं साधन), टेस्टिंग आणि दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचण्याबद्दल. प्रत्येकाकडे बांधलेली वही हवी, सुटे कागद नकोत. पान क्रमांक, तारीख, काय पाहिलं, काय मोजलं, कुणाशी बोललो. आणि ऑपरेटरशी बोलायला शिकवा. वीस वर्षं त्याच मशिनवर उभं असलेल्या माणसासमोर नम्रपणे ‘काका, हे असं का होतं?’ एवढं विचारता आलं तर निम्मं काम झालं.

आठवी पायरी: दोन गाईड, एक ठरलेली वेळ

प्रत्येक गटाला कंपनीतला एक आणि कॉलेजमधला एक असे दोन मार्गदर्शक हवेत, दोघेही नावानिशी. कंपनीतला मार्गदर्शक बदलला किंवा नोकरी सोडून गेला तर पुढचा कोण, हेही आधीच लिहून घ्या. दर आठवड्याला एका ठरलेल्या दिवशी अर्ध्या तासाची बैठक. स्लाइड नकोत. मुलांनी एका पानावर मागच्या आठवड्यात काय केलं, काय कळलं, कुठे अडलं आणि पुढे काय, एवढं लिहून आणायचं. ‘अडलं’ हा रकाना रिकामा असेल तर गाईडने थांबून विचारावं. तो सलग तीन आठवडे रिकामा राहिला, तर समजा की कामच थांबलंय.

कॉलेजच्या गाईडने महिन्यातून किमान एकदा प्रत्यक्ष लाइनवर जावं. व्हिडिओ कॉलवर लाल ट्रे दिसत नाही.

नववी पायरी: गुण कशाला द्यायचे

व्हायवाला चालणारं मॉडेल दाखवा, नाहीतर गुण नाहीत, अशी पद्धत असेल तर मुलं जोखमीचा प्रश्न घेणारच नाहीत. उद्योगाच्या प्रकल्पात कितीदा तरी उत्तर ‘हा उपाय चालत नाही’ असं येतं. ते नीट मोजून सिद्ध केलं असेल तर पूर्ण गुण मिळायला हवेत. त्यामुळे कंपनीचा पैसा वाचतो. मी सहसा प्रश्न समजून घेणं, मोजमापाची शिस्त, विचारपूर्वक घेतलेले निर्णय आणि सुपूर्द केलेली कागदपत्रं या चार गोष्टींवर गुण विभागतो. कंपनीच्या मार्गदर्शकाचं मत जरूर घ्या, पण अंतिम गुण कॉलेजनेच द्यावेत. गुणांची जबाबदारी परीक्षा घेणाऱ्या संस्थेची असते.

दहावी पायरी: मग संशोधनाकडे

दोन-तीन प्रकल्प पार पडले की कंपनी स्वतःहून मोठा प्रश्न घेऊन येते. तिथे बोलणं सरळ होण्यासाठी तंत्रज्ञान-सज्जतेची पट्टी वापरा. नासात १९७०च्या दशकात सुरू झालेली ही टी.आर.एल. पट्टी आज १ ते ९ अशी वापरतात. १ म्हणजे मूळ तत्त्व दिसलं, ४ म्हणजे प्रयोगशाळेत चाललं, ९ म्हणजे प्रत्यक्ष वापरात सिद्ध झालं. कॉलेजला ३ ते ५ हा टप्पा चांगला जमतो. कंपनीला बहुधा ७ हवा असतो. मधली दरी कोण भरणार, कुणाच्या पैशाने, कुणाच्या माणसांनी, हे पहिल्याच बैठकीत बोला. ते न बोलल्यामुळे ‘कॉलेजने काही दिलंच नाही’ आणि ‘कंपनीने पुढे नेलंच नाही’ अशा दोन्ही तक्रारी एकाच प्रकल्पातून निघालेल्या मी ऐकल्या आहेत.

ब्रिटनने या दरीवर एक चांगली तोड काढली. १९७५ मध्ये तिथे टीचिंग कंपनी स्कीम सुरू झाली. २००३ पासून ती नॉलेज ट्रान्स्फर पार्टनरशिप या नावाने चालते. नुकताच शिकून बाहेर पडलेला तरुण कंपनीत बसून काम करतो आणि विद्यापीठाचे प्राध्यापक त्याला मार्गदर्शन करतात. दरीवर पूल म्हणून एक माणूसच ठेवलेला असतो. सरकारी योजना नसली तरी दोन संस्था मिळून असं एक पद वर्षभरासाठी उभं करू शकतात.

शेवटची पायरी: काम सुपूर्द करा आणि परत जा

प्रकल्प संपताना अहवालाची जाडी कुणी बघत नाही. कंपनीला हवं असतं ते वेगळं: बदललेलं ड्रॉइंग, मोजमापांच्या मूळ फाइली, भाग कुठून घेतले त्याची यादी आणि ऑपरेटरने वाचून वापरता येईल असं एक पानी सूचनापत्र, त्याच्याच भाषेत. हे सगळं समोर बसून, मशिनपाशी, एकदा वापरून दाखवून द्या.

आणि सहा महिन्यांनी पुन्हा फेरी मारा. बरच्या त्या प्रकल्पानंतर मुलं परत गेली तेव्हा काउंटर बंद पडलेला होता, सेन्सरची वायर तुटली होती. मात्र ऑपरेटर काकांनी मशिनच्या दारावर खडूने छिद्रांची गणती लिहायला सुरुवात केली होती आणि जादा ड्रिल जागच्या जागी होतं. मुलांनी तिथेच वायर बदलली, केबलला धातूची नळी चढवली. मग सुपरवायझरने त्यांना शेजारच्या मशिनकडे नेलं आणि तिथली अडचण दाखवायला सुरुवात केली.